साधन आणि साक्ष : छात्राध्यापकाच्या चिंतनातील माध्यमसाक्षरता

१. पाठटाचणातील एक रकाना

शिक्षणशास्त्र महाविद्यालयातील छात्राध्यापक सराव पाठासाठी जे पाठटाचण तयार करतो, त्यात विषय, घटक व उद्दिष्टे यांच्या जोडीला 'शैक्षणिक साधने' असा एक रकाना असतो. फळा, खडू, नकाशा, तक्ता, प्रतिकृती ही या रकान्यातील परंपरागत नावे होत. गेल्या काही दशकांत त्यांत ध्वनिफीत, चित्रफीत, प्रोजेक्टर, संगणक आणि मोबाइल यांची भर पडली. रकाना मात्र तोच राहिला. माध्यम म्हणजे पाठ सुलभ करणारे साधन, ही कल्पना अध्यापक-शिक्षणात किती खोल रुजली आहे हे यावरून दिसते. तिच्याविषयी प्रश्न विचारण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही.

शाळेत प्रत्यक्ष शिकवू लागल्यावर मात्र हा प्रश्न छात्राध्यापकापुढे आपोआप उभा राहतो. समजा, सातवीच्या वर्गात भूकंप हा घटक शिकविताना त्याने आदल्या रात्री शोधून ठेवलेली एक चित्रफीत दाखविली. इमारती कोसळताना पाहून वर्ग स्तब्ध होतो. पाठ संपता संपता एक मुलगा विचारतो, "सर, हे खरंच घडलंय की बनवलेलं आहे?" छात्राध्यापकापाशी याचे उत्तर नसते. ती चित्रफीत कोणी घेतली, कोठे व केव्हा घेतली, तिच्यातील एखादा भाग चित्रपटातून तर उचललेला नाही ना, याचा शोध त्याने घेतलेला नसतो. ती पाठास अनुरूप दिसली एवढेच तिच्या निवडीचे कारण असते. पाठाच्या निरीक्षणात 'साधनांचा परिणामकारक उपयोग' असा शेरा मिळतो. मुलाच्या प्रश्नास मात्र पाठटाचणात कोठेच जागा सापडत नाही.

अध्यापक होऊ पाहणाऱ्या व्यक्तीच्या चिंता कोणत्या क्रमाने बदलतात, याचे विवेचन अमेरिकन संशोधक फ्रान्सेस फुलर यांनी १९६९ साली केले होते. आरंभी नवशिक्या अध्यापकाला स्वतःची चिंता असते : आपण वर्गापुढे उभे राहू शकू काय, वर्ग आटोक्यात राहील काय? पुढे चिंता कार्याकडे वळते : पाठ वेळेत संपेल काय, साधने नीट चालतील काय? आणि अखेरीस ती विद्यार्थ्याकडे वळते : त्याच्या मनात काय उतरले? तंत्रसाधनांच्या बाबतीतही छात्राध्यापकाचे चिंतन याच वाटेने जाताना दिसते. 'प्रोजेक्टर सुरू होईल ना' येथून ते 'मुलांनी जे पाहिले ते कशाच्या बळावर खरे मानले' येथपर्यंतचा हा प्रवास होय. शैक्षणिक तंत्रविज्ञानाचे बहुतेक प्रशिक्षण पहिल्या दोन टप्प्यांची काळजी घेते. तिसऱ्या टप्प्याशी संबंधित विद्येला माध्यमसाक्षरता असे नाव आहे.

२. यंत्रे आणि त्यांच्याविषयीच्या अपेक्षा

शाळेच्या दारात नवे यंत्र आले की त्याच्याबरोबर एक भाकीतही येते, असा गेल्या शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव आहे. चलच्चित्रांमुळे शाळांतील पुस्तके लवकरच कालबाह्य ठरतील, असे टॉमस एडिसन यांनी १९१३ साली सांगितले होते. रेडिओ, दूरचित्रवाणी आणि संगणक यांच्याविषयीही पुढे याच प्रकारच्या अपेक्षा व्यक्त झाल्या. लॅरी क्यूबन यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'टीचर्स अँड मशीन्स' या ग्रंथात १९२० नंतरच्या अमेरिकन वर्गांचा इतिहास तपासला. प्रत्येक यंत्राच्या बाबतीत प्रथम उत्साह, नंतर त्याच्या उपयुक्ततेचे अहवाल, त्यानंतर वर्गातील अल्प वापराबद्दल निराशा आणि शेवटी शिक्षकांवर दोषारोप, हे चक्र त्यांना पुन्हापुन्हा आढळले.

भारतातील अनुभव सर्वस्वी असाच होता असे म्हणता येणार नाही, कारण येथे यंत्रामागे दारिद्र्याशी व निरक्षरतेशी झुंज देण्याची निकड होती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. 'साइट' या संक्षिप्त नावाने हा प्रयोग जगभर ओळखला जातो. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. १९८४ साली निवडक शाळांत संगणक देण्याची 'क्लास' ही योजना सुरू झाली. त्याच वर्षी पुण्यात शैक्षणिक कार्यक्रमांची निर्मिती करणारी 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली. २००४ साली 'एज्युसॅट' हा केवळ शिक्षणासाठीचा उपग्रह अवकाशात गेला आणि २०१७ साली 'दीक्षा' हे शिक्षकांसाठीचे अंकीय व्यासपीठ खुले झाले. ज्या वर्षी 'दीक्षा' सुरू झाले, त्याच वर्षी 'बालचित्रवाणी' बंद पडली, ही गोष्टही येथे नोंदविण्यासारखी आहे. यंत्रे येतात व जातात. त्यांच्याकडे पाहण्याची रीत शिकविण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न मात्र मागे उरतो.

या सर्व उपक्रमांत माध्यमाकडे पाहण्याची दृष्टी समान होती. संदेश एका टोकाला तयार व्हावा आणि दुसऱ्या टोकाला तो निर्विघ्न पोहोचावा, ही ती दृष्टी. पोहोचलेल्या संदेशाचे ग्रहण करणाऱ्याने काय करावयाचे, याचा विचार तीत गौण होता. तथापि याला एक महत्त्वाचा अपवाद होता, आणि तो महाराष्ट्रातच घडला.

३. पुण्याच्या शेतकरी श्रवणमंडळांचा धडा

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राच्या साहाय्याने आणि युनेस्कोच्या सहकार्याने ग्रामीण श्रोत्यांसाठी एक प्रयोग करण्यात आला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतून सुमारे १५० गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावी श्रोत्यांचे एक मंडळ स्थापन झाले. आठवड्यातून दोनदा हे लोक एकत्र जमून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत. शेती, आरोग्य, सहकार असे त्याचे विषय असत. कार्यक्रम संपल्यावर रेडिओ बंद करून ऐकलेल्या गोष्टीवर चर्चा होई आणि चर्चेतून निघालेले प्रश्न व शंका केंद्राकडे लिहून पाठविल्या जात. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. ही कल्पना मूळची कॅनडाची. तेथील शेतकरी श्रवणमंडळांच्या चळवळीचे घोषवाक्य 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा' या आशयाचे होते.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूरथ यांच्या मार्गदर्शनाखाली केले. त्याची मांडणी आजही अनुकरणीय आहे. मंडळे असलेली गावे, रेडिओ आहे परंतु मंडळ नाही अशी गावे आणि रेडिओच नाही अशी गावे, यांची प्रयोगापूर्वी व प्रयोगानंतर तुलना करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांत श्रोत्यांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडलेली दिसली. केवळ रेडिओ असलेल्या गावांतील वाढ त्या मानाने फारच थोडी होती. अर्थात जे घडले ते रेडिओमुळे घडले असे म्हणणे अपुरे ठरते. रेडिओ बंद झाल्यानंतरच्या संभाषणाचा त्यात मोठा वाटा होता.

छात्राध्यापकाच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल फार मोठे आहे. आपल्या परंपरेत ज्ञानप्राप्तीच्या श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. यंत्र पहिल्या पायरीपर्यंत आणून सोडते. पुढील दोन पायऱ्या चढविण्यासाठी माणसे लागतात, आणि शाळेत ते माणूस म्हणजे शिक्षक होय. शिवाय श्रोत्याने केंद्राकडे शंका लिहून पाठवावी, ही प्रथा त्याला केवळ ग्राहक राहू देत नव्हती. सांगणाऱ्याला उलट विचारता येते, हा अनुभव पुण्याच्या आसपासच्या शेतकऱ्याने घेतला, तेव्हा माध्यमसाक्षरता हा शब्द मराठीत प्रचारात यावयाचा होता.

४. प्रत्यक्ष आणि शब्द

माध्यमसाक्षरतेची सुबोध व्याख्या करावयाची झाल्यास निरनिराळ्या रूपांतील संदेश मिळविणे, त्यांचे विश्लेषण करणे, त्यांचे मूल्य ठरविणे आणि स्वतः संदेश निर्माण करणे या चार क्षमतांचा समुच्चय, अशी ती करता येईल. २२ जानेवारी १९८२ रोजी पश्चिम जर्मनीतील ग्रूनवाल्ड येथे १९ राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी एक जाहीरनामा संमत केला. माध्यमांचा निषेध किंवा गौरव न करता त्यांचे अस्तित्व मान्य करावे आणि शिक्षणव्यवस्थेने नागरिकांत त्यांच्याविषयी चिकित्सक समज निर्माण करावी, असे त्यात प्रतिपादन होते. २०११ साली युनेस्कोने खास शिक्षकांसाठी माध्यम व माहिती साक्षरतेचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. ब्रिटिश शिक्षणज्ञ लेन मास्टरमन यांनी १९८५ साली या विद्येचे मूलतत्त्व स्पष्ट केले होते. माध्यमे म्हणजे जगाकडे उघडणारी पारदर्शक खिडकी नव्हे. ती जगाची रचना करून दाखवितात, आणि म्हणून ती रचना कोणी, कशासाठी व कशी केली हे विचारणे प्राप्त होते, हे ते तत्त्व.

हेच तत्त्व भारतीय विचारपरंपरेच्या भाषेत अधिक नेमकेपणाने मांडता येते. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत. इंद्रियाचा वस्तूशी साक्षात संबंध येऊन होणारे ज्ञान ते प्रत्यक्ष. विश्वासार्ह पुरुषाच्या, म्हणजे आप्ताच्या, सांगण्यावरून होणारे ज्ञान ते शब्दज्ञान. मोबाइलवर चित्रफीत पाहणारा मनुष्य 'मी डोळ्यांनी पाहिले' असे म्हणतो. पण त्याने डोळ्यांनी पाहिला तो केवळ पडदा. घटनेशी त्याच्या इंद्रियाचा संबंध आलेलाच नसतो. कोणीतरी कॅमेरा एका दिशेस धरला, कोणीतरी काही भाग ठेवून काही कापला, कोणीतरी खाली दोन ओळी लिहिल्या व ते पुढे पाठविले. म्हणजे चित्रफीत ही वस्तुतः कोणाची तरी साक्ष आहे, आणि साक्षीच्या बाबतीत पहिला प्रश्न साक्षीदाराच्या आप्तत्वाचा असतो. शब्दप्रमाणाला प्रत्यक्षाचा वेष चढविला गेल्याने हा प्रश्न विचारण्याचे राहून जाते. आधुनिक माध्यमांच्या प्रभावाचे रहस्य बव्हंशी येथेच आहे.

हा केवळ तार्किक ऊहापोह नाही. २०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा भारतात अनेक राज्यांत पसरल्या. त्या काळात एक चित्रफीत मोठ्या प्रमाणावर फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांपैकी एकास उचलून नेतात, असे तीत दिसे. मूळ चित्रफीत कराचीतील होती आणि पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम अभिनय करून घेतलेली होती. तिच्या अखेरीस ते दोघे परत येतात, मुलाला खाली उतरवितात आणि सावधगिरीचा फलक दाखवितात. हा अखेरचा भाग कापलेला होता. उरलेल्या भागात कोठेही खोटे चित्र मिसळलेले नव्हते. शेवट कापल्याने उपदेशाचा पुरावा झाला, एवढेच. त्याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने पाच जणांची हत्या केली. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील होते आणि भिक्षा मागत गावोगाव फिरत तेथे आले होते. त्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. अफवेचा वेग त्यामुळे कमी होऊ शकतो. अफवा ओळखण्याचे सामर्थ्य मात्र त्यातून येत नाही. ते अन्यत्र, शक्यतो शाळेत, यावे लागते.

५. उभे वाचन आणि आडवे वाचन

ओळखावयाचे कसे, याबाबत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन उद्बोधक आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात शालेय विद्यार्थ्यांना दिलेल्या काही प्रश्नांचे निष्कर्ष आहेत. एका वृत्तस्थळाच्या मुखपृष्ठावरील बातमी व 'पुरस्कृत मजकूर' असे लिहिलेली जाहिरात यांतील भेद माध्यमिक शाळेच्या खालच्या वर्गांतील ८० टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांना कळला नाही. दुसऱ्या एका प्रश्नात विकृत वाढ झालेल्या डेझीच्या फुलांचे छायाचित्र होते. जपानमधील फुकुशिमा येथील अणुवीज केंद्राच्या अपघाताशी त्याचा संबंध जोडलेला होता. हे छायाचित्र कोणी घेतले, ते फुकुशिमाजवळचे आहे याला आधार काय, हे विचारणारे विद्यार्थी अल्पसंख्य ठरले. चित्र डोळ्यांसमोर आहे, हाच अनेकांच्या लेखी पुरावा होता.

वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांच्या पुढील अभ्यासात १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ पदवीपूर्व विद्यार्थी अशा ४५ जणांना संगणकावरील मजकुराची विश्वसनीयता ठरविण्यास सांगितले होते. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळे त्यांना दाखविण्यात आली. त्यांपैकी एक देशातील प्रमुख व्यावसायिक संघटना. दुसरी तिच्यातून फुटून निघालेला लहानसा गट. दोन्हींची नावे सारखी, मांडणी सारखीच नेटकी. विद्यार्थी आणि अनेक इतिहासकारही दिलेले पान वरून खालपर्यंत काळजीपूर्वक वाचत राहिले. भाषा, संदर्भ, मांडणी यांवरून त्यांनी मत बनविले आणि त्यांतील कित्येक फसले. तथ्यतपासनीसांनी निराळा मार्ग घेतला. पान नीट वाचण्यापूर्वीच ते सोडून या संघटनेविषयी इतर काय म्हणतात हे त्यांनी शोधले, आणि थोड्याच वेळात त्यांना दोहोंतील भेद कळला.

पहिल्या पद्धतीला उभे वाचन आणि दुसरीला आडवे वाचन म्हणता येईल. छात्राध्यापकाला येथे एक गोष्ट खटकण्याचा संभव आहे. शाळेने पिढ्यान्पिढ्या जी सवय लावली ती उभ्या वाचनाची : दिलेला उतारा लक्षपूर्वक वाचा आणि उत्तरे उताऱ्यातूनच द्या. पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत ही सवय योग्यच आहे, कारण पाठ्यपुस्तक विद्यार्थ्याच्या हाती पडण्यापूर्वी जाणत्यांच्या समितीने ते तपासलेले असते. ज्या मजकुरामागे अशी समिती नाही त्यालाही तीच रीत लावली, की काळजीपूर्वक वाचणाराच अधिक फसतो. कारण फसविणाऱ्याने पानावरील प्रत्येक गोष्ट त्याच्यासाठीच सजविलेली असते. यास्तव दोन्ही वाचनांचा विवेक शिकविणे इष्ट आहे. कोणता मजकूर आत शिरून वाचावयाचा आणि कोणत्याच्या बाहेर जाऊन चौकशी करावयाची, हे विद्यार्थ्यास कळले पाहिजे.

२०२२ सालच्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेने लेख, चित्रे व आवाज निर्माण करणारी साधने सर्वसामान्यांच्या हाती आली. त्यांनी हा विवेक अधिकच आवश्यक केला आहे. यापूर्वी खोट्या छायाचित्रातही बहुधा कोठले तरी खरे दृश्य असे. आता कोणत्याही कॅमेऱ्याने न टिपलेले दृश्य तितकेच सुस्पष्ट असू शकते. चित्रातील हाताची बोटे मोजून खरेखोटे ठरविण्याच्या युक्त्या साधने सुधारतात तशा निरुपयोगी होतात. ही साक्ष कोणाची, हा प्रश्न मात्र जुना होत नाही.

६. संशयाची मर्यादा

माध्यमसाक्षरतेचा एक दोषही ध्यानात घ्यावयास हवा. १९३७ साली न्यू यॉर्कमध्ये क्लाइड मिलर यांच्या पुढाकाराने प्रचारविश्लेषणाची एक संस्था निघाली. नावे ठेवणे, मोहक पण पोकळ शब्द वापरणे, प्रतिष्ठित वस्तूची प्रतिष्ठा दुसरीस चिकटविणे, प्रसिद्ध व्यक्तीची ग्वाही देणे, 'आम्ही तुमच्यातलेच' असे भासविणे, सोयीचे तेवढे पुढे मांडणे आणि 'सगळेच येत आहेत, तुम्हीही या' असे म्हणणे, अशी प्रचाराची सात तंत्रे तिने सांगितली. ती अमेरिकेतील अनेक शाळांत शिकविली गेली. परंतु काही काळाने अशी टीका होऊ लागली की, या शिक्षणाने मुले सर्वच गोष्टींवर अविश्वास दाखवू लागतात. १९४२ साली संस्थेचे कार्य थांबले. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, २०१८ साली, डॅना बॉइड यांनी माध्यमसाक्षरतेच्या प्रचलित स्वरूपावर जवळपास हाच आक्षेप घेतला. प्रत्येक गोष्टीवर प्रश्न उपस्थित करा एवढेच शिकविल्यास प्रस्थापित ज्ञानसंस्थांवरील विश्वास उडतो आणि ती रिकामी जागा अपप्रचार करणारेच भरून काढतात, असे त्यांचे म्हणणे होते.

मराठी घरांत 'खरेखोटे देव जाणे' असे म्हणून संदेश पुढे पाठविणारी माणसे पुष्कळ भेटतात. हा संशय वरवर चिकित्सेसारखा दिसतो. पण तो चिकित्सेचा आळस आहे. सर्व साक्षी सारख्याच अविश्वसनीय मानल्या की मनास रुचेल ती साक्ष स्वीकारण्यास मनुष्य मोकळा होतो. न्यायशास्त्राने शब्दाला प्रमाण मानले ते याच कारणास्तव. दुसऱ्याच्या सांगण्यावर मुळीच न विसंबता कोणाचाही संसार किंवा शास्त्र चालत नाही. म्हणून कोणावर, कोणत्या बाबतीत व किती विसंबावे याचे शिक्षण देणे हे माध्यमसाक्षरतेचे साध्य असावयास हवे. अविश्वास शिकविणे हे तिचे काम नव्हे.

७. एक तास आणि काही महिने

हे शिक्षण देता येते काय आणि त्यास किती वेळ लागतो, याविषयी भारतातच झालेले दोन अभ्यास परस्परांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये १,२२४ लोकांचा समावेश असलेला प्रयोग केला. प्रशिक्षितांना त्यांच्या घरी जाऊन सुमारे तासभर खोटी माहिती ओळखण्याचे मार्ग शिकविण्यात आले. २०२१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराशाजनक होता : खोट्या बातम्या ओळखण्याच्या क्षमतेत एकंदरीने फरक पडला नाही.

त्यानंतर बिहारमध्येच दुसरा प्रयोग झाला. बद्रीनाथन, सिमॉन शोशार व त्यांचे सहकारी यांनी राज्यातील यंत्रणांच्या सहकार्याने ५८३ गावांतील १३,५०० हून अधिक किशोरवयीन विद्यार्थ्यांची निवड केली. त्यांच्यापैकी एका गटासाठी आरोग्यविषयक खोट्या माहितीवर भर देणारी वर्गसत्रे घेण्यात आली. ती काही महिन्यांच्या काळात पसरलेली होती. या वेळी निष्कर्ष अनुकूल आले. माहितीची पारख सुधारली. सत्रे संपल्यानंतरही काही महिने हा परिणाम टिकून राहिला. आणि विशेष म्हणजे मुलांबरोबर तो त्यांच्या पालकांपर्यंतही काही अंशी पोहोचला.

दोन प्रयोगांत वय, विषय, अवधी अशा अनेक बाबतींत अंतर आहे. त्यामुळे यशाचे श्रेय एकाच कारणास देणे धाडसाचे होईल. तरीही वर्ग, पुनरावृत्ती, सोबती आणि शिक्षक या ज्या गोष्टी शाळेपाशी आहेत, त्याच दुसऱ्या प्रयोगात होत्या व पहिल्यात नव्हत्या, हे दुर्लक्षून चालणार नाही. पुण्याच्या श्रवणमंडळांचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवितो.

८. छात्राध्यापकाची तयारी

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला, शाळेतील अनुभवासाठी २० आठवडे राखले आणि माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे चिकित्सक आकलन हा विषय अंतर्भूत केला. या शीर्षकातील 'चिकित्सक' हा शब्द मोलाचा आहे. तो शीर्षकापुरता न राहता सराव पाठात उतरावा, यासाठी फार मोठ्या सामग्रीची आवश्यकता नाही.

पहिली तयारी छात्राध्यापकाच्या स्वतःच्या पाठातूनच होऊ शकते. १९६० नंतरच्या दशकात स्टॅनफर्ड येथे सूक्ष्म-अध्यापनाची पद्धत विकसित झाली, तेव्हा अध्यापकाला त्याच्या पाठाचे चित्रण दाखविण्याची प्रथा तीत रुजली. आज मोबाइलमुळे हे कोणासही शक्य आहे. असे चित्रण पाहताना छात्राध्यापक सामान्यतः आपल्या चुका शोधतो. त्याने आणखी एक गोष्ट शोधावी : या चित्रणात काय नाही? मागल्या बाकावर चाललेली कुजबुज नाही, कॅमेऱ्याच्या पाठीशी बसलेली मुलगी नाही, वर्गातील उकाडा नाही. ज्याने तो तास स्वतः घेतला त्यालाच हे कळते. केवळ चित्रण पाहणाऱ्यास कळत नाही. प्रत्येक चित्रणाबाहेर असे काही राहिलेले असते, याची जाण याहून सोप्या रीतीने क्वचितच होईल.

दुसरी तयारी पाठाच्या रचनेची. माध्यमसाक्षरतेसाठी वेळापत्रकात वेगळा तास मिळण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. इतिहासाच्या तासाला एकाच घटनेच्या दोन वृत्तपत्रीय बातम्या, विज्ञानाच्या तासाला घरगुती औषधाविषयीचा फिरता संदेश, मराठीच्या तासाला जाहिरातीतील विशेषणे, गणिताच्या तासाला अक्ष कापून काढलेला आलेख ही सामग्री विपुल आहे. कराचीच्या चित्रफितीचे उदाहरण सांगून 'हिचा शेवट कोठे गेला' एवढे विचारले तरी एक तास सार्थकी लागतो. विद्यार्थ्यांनी स्वतः अर्ध्या मिनिटाची चित्रफीत तयार करावी आणि तीच दोन निरनिराळ्या ठिकाणी कापून दोन निरनिराळे अर्थ उत्पन्न करून दाखवावेत, हा उपक्रम कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक शिकवितो.

तिसरी तयारी कठीण आहे, कारण तिचा संबंध शाळेबाहेरील नात्यांशी येतो. अफवा अनोळखी माणसाकडून क्वचितच येते. ती काका पाठवितात, आत्या पाठविते, शेजारचे निवृत्त गुरुजी पाठवितात. मराठी भाषेत आप्त या शब्दाचा अर्थ नातेवाईक असा झाला आहे, आणि मूळ अर्थाचा आप्त व नात्याचा आप्त यांची गल्लत नेमकी येथे होते. काकांचे प्रेम खरे असते. म्हणून त्यांनी पाठविलेली बातमी खरी ठरत नाही. सहावी-सातवीतील मुलाने हे घरात कसे बोलावयाचे? 'तुम्ही खोटे पाठविता' असे म्हणणे त्यास शोभत नाही आणि त्याने काही साधतही नाही. 'काका, हे तुम्हाला कुठून आलं? आपण दोघं मिळून बघू या का?' असे मात्र तो विचारू शकतो. आदर न सोडता प्रश्न विचारण्याची ही रीत वर्गातच शिकावी लागते. आणि ज्या वर्गात शिक्षकाला प्रश्न विचारलेला खपत नाही, त्या वर्गात ती शिकविता येत नाही.

येथे लेखारंभीचा मुलगा पुन्हा आठवतो. "सर, हे खरंच घडलंय की बनवलेलं आहे?" या प्रश्नाने छात्राध्यापक ओशाळला असेल, तर ते स्वाभाविक आहे. परंतु 'मला माहीत नाही. आपण शोधू या' असे उत्तर देऊन त्याने पुढील दहा मिनिटे वर्गासमक्ष त्या चित्रफितीचे मूळ शोधण्यात घालविली असती, तर भूकंपाचा पाठ कदाचित अपुरा राहिला असता, पण मुलांना त्या दिवशी एक विद्या मिळाली असती. यासाठी पाठटाचणातील 'शैक्षणिक साधने' या रकान्याशेजारी आणखी एक छोटा रकाना आखणे पुरेसे आहे : हे साधन कोणी, केव्हा आणि कशासाठी तयार केले? छात्राध्यापकाने दाखवावयाच्या प्रत्येक चित्रासमोर तो आधी स्वतः भरावा, आणि जेथे तो भरता येत नाही तेथे रिकामा ठेवून वर्गाला दाखवावा.